सुट्टीतल्या कपड्यांसाठी ४०,०००: यातले खरे सहलीचे किती?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खासगी शाळेत शिक्षिका, मिस्टर सोलापुरातच टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. दोघांचे मिळून हातात ७४,००० येतात. घराचा हप्ता १९,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी ठरलेली रक्कम) ६,०००, आणि महिन्याकाठी साधारण ७,००० शिल्लक. भाऊबीज झाली की चौघं म्हैसूर-उटीला निघणार. त्याचे ७०,००० साठवून झाले. आता कपड्यांसाठी वेगळे ४०,००० बाजूला काढायचे, असं तुमचं म्हणणं. मिस्टर म्हणतात, ‘वेगळे ठेवले की खर्च होणारच. लागलं तर कार्डावर घेऊ, नंतर हप्ते पाडू.’ आणि तुम्ही विचारताय की चार महिने एसआयपी थांबवू, की १,१०,००० ची एफडी मोडू?

दोन्ही नको. पैसे वेगळे ठेवायचा तुमचा विचार मात्र अगदी बरोबर आहे. फक्त आकडा ४०,००० नाही.

तुम्ही पाठवलेली यादीच पुन्हा वाचू. स्वतःला म्हैसूर सिल्क १५,०००. सासूबाई, जाऊबाई, नणंद यांना तीन साड्या, १२,०००. मुलांना ६,०००, मिस्टरांना ३,०००, किरकोळ ४,०००. आता यात बघा. मुलांना आणि मिस्टरांना दिवाळीचे कपडे बोनस झाला की तुम्ही दरवर्षी घेताच. पाडव्याला नवा ड्रेस अंगावर चढणार आणि त्याच आठवड्यात गाडीत बसणार. मग म्हैसूरला पुन्हा नवे कशाला? तेच कपडे बॅगेत भरा. हे ९,००० सरळ खोडा. मुलगी नववीत आहे, तिला तिथं काही आवडलं तर ते ‘किरकोळ’मधून होईल. पण हे तिला निघण्याआधी सांगा, दुकानात उभं राहून नाही.

तीन साड्यांचे १२,००० तर सहलीचे नाहीतच. फेब्रुवारीत दिराचं लग्न आहे, म्हणजे तो आहेर आहे. लग्नासाठी तुम्ही ६०,००० वेगळे ठेवलेत, आहेर त्यातूनच जायला हवा. नाहीतर एकाच माणसाला सहलीची साडी आणि लग्नाची साडी असं दोनदा देणं होईल, आणि एकदा सुरू झालं की पुढच्या सहलीलाही ते चुकत नाही. शिवाय आहेराच्या साड्या परगावाहून आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सासूबाईंना काठ आवडला नाही, नणंदेला रंग पटला नाही, तर म्हैसूरला परत कोण जाणार? सोलापुरातल्या चाटी गल्लीतला ओळखीचा दुकानदार आठ दिवसांनीही साडी बदलून देतो. त्यांना सोबत नेऊन पसंत करता येते, आणि मान राखला जातो तो वेगळाच.

राहिले १९,०००. हे खरे सहलीचे.

ते कुठून आणायचे? सहलीचा निधी पुरा झाल्यामुळे महिन्याचे ७,००० आता मोकळे झालेत. दिवाळीपर्यंत चार महिने, म्हणजे २८,०००. त्यातले १९,००० खरेदीला, आणि ९,००० प्रवासात अडीनडीला, कारण तुमच्या ७०,००० मध्ये डॉक्टर, जास्तीची टॅक्सी असल्या कशालाच जागा ठेवलेली दिसत नाही. एफडीला हात लावू नका. हप्ता धरून तुमच्या घराला महिन्याला साधारण ६१,००० लागतात. १,१०,००० म्हणजे दोन महिन्यांचाही आधार नाही. लग्नानंतर ती वाढवायलाच घ्यायची आहे.

आता मिस्टरांच्या कार्डाबद्दल. बिल तारखेच्या आत पूर्ण भरणार असाल तर कार्ड वापरायला माझी हरकत नाही. पण ४०,००० चे वर्षभराचे हप्ते पाडले आणि दर १६ टक्के धरला, तर महिन्याला साधारण ३,६३० रुपये जातील. व्याज ३,५५० च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. मिळून ४,२०० च्या पुढे. रकमेपेक्षा मला वेळेची काळजी आहे. लग्न फेब्रुवारीत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तुमची निम्मी शिल्लक साडीच्या हप्त्यात अडकलेली असेल. हप्ते न पाडता नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिलात तर आणखी वाईट. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून.

मिस्टरांचं एक म्हणणं मात्र खरं आहे: वेगळे ठेवले की ते संपवलेच पाहिजेत असं वाटतं. म्हणून उरलेले पैसे कुठं जाणार हे आत्ताच दोघांनी ठरवा. लग्नाच्या खात्यात घाला, तिथं ते नक्की लागतील. आणि हे १९,००० पगाराच्या खात्यात ठेवू नका. तुमचं दुसरं बचत खातं आहे, त्यात दर महिन्याला टाका आणि सहलीत त्या खात्याचं यूपीआय फक्त तुमच्या फोनवर ठेवा. क्यूआर स्कॅन करताना पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत. खातं एकच असलं की उरले किती ते संध्याकाळी लगेच दिसतं.

साडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मोठी रक्कम तिथं आहे. म्हैसूरला रेशमाचा सरकारी कारखाना १९१२ पासून आहे. तो आज कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनकडे आहे आणि त्यांच्या शोरूममध्ये एकच ठरलेली किंमत असते. घ्यायची तर तिथूनच घ्या. जरीची साडी १५,००० त बसेलच असं धरू नका, निघण्याआधी भाव बघून ठेवा. बसत नसेल तर किरकोळचे ४,००० साडीत मिळवा आणि बाकी काही घेऊ नका. माझा कल इकडेच आहे: दहा छोट्या वस्तूंपेक्षा वीस वर्षं नेसता येईल अशी एक साडी बरी. १९,००० तही बसली नाही तर यंदा सोडून द्या. रिक्षावाला नेईल त्या दुकानात तर अजिबात नको, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. दुसऱ्या दुकानातून घेतलीत तर अस्सल रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल बघा आणि पक्कं बिल घ्या.

उटीला थंडी असते, पण मुलांना जाड स्वेटर विकत घेऊ नका, सोलापुरात ते कपाटातच राहतील. नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी मागून न्या. टॉवेल, चादरी, बेडशीट तर बाहेरून आणायचंच नाही, ते आपल्या गावात बनतं आणि मिस्टरांच्या कारखान्याच्या दारात तुम्हाला कमी भावात मिळतं.

एसआयपी चालू ठेवा. मुलीची बारावी तीन वर्षांवर आली आहे.