सॅक घेण्याआधी पाठ मोज

अरे, ६५ लिटरची सॅक पाहून हरखू नकोस. जागा दिसली की आपण भरतोच, आणि मग अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांच्या कातळटप्प्यावर तीच मागे ओढते. दोन मुक्कामांच्या ट्रेकला ४५-५० लिटर पुष्कळ.

खरं माप पाठीचं. मान खाली घातल्यावर हाताला लागणारं उंच हाड, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेपने मोज. नुसत्या उंचीवरून अंदाज बांधू नकोस. दुकानातच आठ-दहा किलो भरून जिना चढउतर कर. ओझं खांद्यांपेक्षा कमरेच्या पट्ट्यावर बसायला हवं. बाहेर जाळीचे खिसे नकोत, माझे करवंदीच्या काट्यांत फाटलेत. पावसाळ्यात कव्हर असलं तरी पाठीकडून पाणी शिरतंच, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घाल.