वाचकांचे प्रश्न : ‘कमी घ्या’ सांगणाऱ्या बाई नेमकं काय काम करत होत्या?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पर्यावरण कार्यकर्त्या अ‍ॅनी लेनर्ड यांची ओळख छापली होती. वस्तूंचा प्रवास रेघोट्यांच्या चित्रांतून दाखवणारा ‘द स्टोरी ऑफ स्टफ’ हा त्यांचा छोटा चित्रपट शाळाशाळांमधून दाखवला गेला. त्या लेखावर बरेच प्रश्न आले. एकाच आशयाचे एकत्र करून त्यांतल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

वीस मिनिटांच्या एका चित्रपटावर कुणी पर्यावरणतज्ज्ञ होतं का? त्याआधी त्या काय करत होत्या? (शिक्षिका, चिपळूण)

चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये आला. तोवर लेनर्ड यांची जवळपास वीस वर्षं कचऱ्यामागे फिरण्यात गेली होती. जन्म १९६४ चा, सिअ‍ॅटलचा. न्यूयॉर्कला बर्नार्ड कॉलेजात असताना पदपथावरचे कचऱ्याचे ढीग रोज दिसत. हे जातं कुठे, म्हणून त्या स्टेटन आयलंडवरची फ्रेश किल्स ही अवाढव्य कचराभूमी पाहून आल्या. पुढे कॉर्नेल विद्यापीठात नगर व प्रादेशिक नियोजनाचं शिक्षण घेतलं आणि १९८८ मध्ये ग्रीनपीस या आंतरराष्ट्रीय पर्यावरण संघटनेत लागल्या. काम होतं श्रीमंत देशांतून गरीब देशांत जाणाऱ्या घातक कचऱ्याचा माग काढण्याचं.

तो काळ समजायला एक जहाज पुरेसं आहे. ‘खियान सी’ हे जहाज फिलाडेल्फियाच्या कचराभट्ट्यांची सुमारे १४ हजार टन राख घेऊन १९८६ मध्ये निघालं. एकामागून एक देशांनी नकार दिला. जानेवारी १९८८ मध्ये हैतीच्या गोनाईव्ह गावाच्या किनाऱ्यावर सुमारे ४ हजार टन राख ‘खत’ म्हणून उतरवली गेली. उरलेली राख जहाजाचं नाव बदलत बदलत समुद्रात गेली. हैतीतली राख परत अमेरिकेत न्यायला २००० साल उजाडलं. अशा प्रकरणांमुळेच घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा बासल करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये लागू झाला. अमेरिकेने त्यावर सही केली, पण अनुसमर्थन आजतागायत दिलेलं नाही.

आपल्याकडचा धागाही आहे. पेप्सीच्या वापरलेल्या प्लास्टिक बाटल्या अमेरिकेत ‘पुनर्चक्रणासाठी’ गोळा होऊन मद्रासजवळ तिरुवल्लूरच्या एका कारखान्यात येत होत्या. त्यातला काही भाग उपयोगी पडत नसे आणि आवारात साचत असे. लेनर्ड यांनी तिथवर जाऊन त्यावर १९९४ मध्ये लिहिलं. कचराभट्ट्यांना विरोध करणाऱ्या संघटनांचं ‘गाया’ हे जाळं २००० मध्ये जोहान्सबर्गला उभं राहिलं, त्यातही त्यांचा हात होता. चित्रपटात सहजपणे बोलणारी जी बाई दिसते, तिच्यामागे हे सगळं आहे.

मी उरणचा. न्हावा-शेव्याला कंटेनर उतरताना रोज पाहतो. परदेशी कचरा येतो की नाही हे साध्या माणसाला शोधता येतं का? (वाचक, उरण)

बरंचसं घरबसल्या येतं. प्रत्येक मालाला सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक असतो आणि त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. त्यातले पहिले चार अंक लक्षात ठेवले तरी काम सुरू होतं : टाकाऊ प्लास्टिक ३९१५, रद्दी कागद ४७०७, लोखंडी भंगार ७२०४. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात आकडेपेढीवर क्रमांक, वर्ष आणि देश टाकला की वजन व किंमत मिळते.

आता हाच आकडा दुसऱ्या टोकाकडून तपासा. ‘क्ष’ देशाने भारताला अमुक टन निर्यात दाखवली आणि भारताने तमुक टन आयात दाखवली, यात किती अंतर आहे ते पाहायचं. इथे नवखे हमखास फसतात. तुलना वजनाची करा, किमतीची नको. निर्यातीच्या किमतीत बोटीचं भाडं व विमा धरलेला नसतो, आयातीच्या किमतीत असतो. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत उतरतो, म्हणून एका वर्षाच्या फरकावर आरोप करू नका. निदान तीन वर्षं शेजारी मांडा. शिवाय वाटेत दुबई किंवा सिंगापूरला माल दुसऱ्या जहाजावर चढला तर मूळ देशाचं नाव बदलू शकतं.

भारताने २०१९ मध्ये टाकाऊ प्लास्टिकच्या आयातीवरची बंदी कडक केली, तोवर विशेष आर्थिक क्षेत्रांना सूट होती. परवानगीचे तपशील विदेश व्यापार महासंचालनालयाच्या सूचनांनी बदलत राहतात. तेव्हा ज्या वर्षाचा आकडा, त्याच वर्षाची सूचना सोबत ठेवा. हल्ली खरा घोळ ३९१५ मध्ये नसून ४७०७ मध्ये सापडतो. रद्दीच्या गठ्ठ्यांत घरगुती प्लास्टिक मिसळून येतं आणि कागद गिरण्यांच्या आवाराबाहेर जळतं. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या बाबतीत हे उघड झालेलं आहे. आकड्यात ते ‘कागद’ म्हणूनच दिसणार. तिथे गठ्ठ्यातल्या वेष्टनावरची भाषा, बारकोड आणि दुकानसाखळीचं नाव यांचे तारखेसह फोटोच उपयोगी पडतात.

चित्रपटात म्हटलंय की विकत घेतलेल्या वस्तूंपैकी ९९ टक्के सहा महिन्यांत कचऱ्यात जातात. हे खरं आहे? (अर्थशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर)

तुम्ही जसं ऐकलंत, तसं नाही. मूळ हिशेब उत्तर अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेतून वाहणाऱ्या एकूण साहित्याचा आहे. त्यात खाणीतली माती, कारखान्यातला टाकाऊ भाग, जळलेलं इंधन सगळं येतं. घरात आलेल्या मिक्सरबद्दल किंवा कपाटाबद्दल तो बोलतच नाही. पण कथनाचा ओघ असा आहे की ऐकणारा घरातल्याच वस्तू धरतो. दोष ऐकणाऱ्याला देता येणार नाही.

दुसरं उदाहरण आणखी शिकण्यासारखं आहे. जगातल्या शंभर मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी ५१ कंपन्या आहेत, असंही त्यात येतं. तिथे कंपन्यांची विक्री आणि देशांचं सकल उत्पन्न शेजारी ठेवलंय. शेतकऱ्याने गहू २० रुपयांना विकला, गिरणीने पीठ ३० ला, बेकरीने पाव ५० ला. विक्रीची बेरीज १०० होते, सकल उत्पन्नात मात्र फक्त ५० धरले जातात. दोन वेगळ्या मापांची तुलना केली की कंपन्या फुगून दिसतात. कंपन्यांची ताकद मोठी आहे हे सांगायला या आकड्याची गरजही नव्हती. अमेरिकी सरकारच्या कराच्या पैशातला किती वाटा लष्करावर जातो, याच्या चित्रपटातल्या टक्केवारीवरही अशीच टीका झाली, कारण ती कोणत्या भाजकावर काढली ते बोलण्यात येत नाही.

संहितेला तळटिपा जोडलेल्या होत्या, हे लेनर्ड यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण चित्रपट पाहताना तळटीप कोण वाचतं? २००९ मध्ये मोंटाना राज्यातल्या मिझूला इथे एका पालकाच्या तक्रारीवरून वर्गात हा चित्रपट दाखवण्याचा वाद शाळा मंडळापर्यंत गेला आणि मंडळाचा निर्णय चित्रपट दाखवण्याच्या विरोधात गेला. विरोधकांच्या हाती सैल आकडा असला की मूळ मुद्दा बाजूला पडतो. वर्गात दाखवायचाच असेल तर हे तीन आकडे आधी फळ्यावर लिहा आणि मुलांना भाजक शोधायला लावा. खाण, कारखाना, दुकान, घर, कचरा ही पाच टप्प्यांची मांडणी मात्र आजही पक्की आहे.

आमच्या कॉलेजच्या पर्यावरण मंडळाला वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांवर मोहीम करायची आहे. सुरुवात कुठून? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कंपनीनिहाय मोजणीपासून. ‘ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक’ हे जाळं २०१८ पासून जगभर ही मोजणी करतंय आणि पद्धत सोपी आहे. हद्द आधी आखून घ्या, समजा रस्त्याचे २०० मीटर किंवा एका ओढ्याचा एकच काठ. जाड हातमोजे, चिमटे, ताडपत्री, वजनकाटा आणि छापील तक्ता लागतो. तक्त्यात कंपनी, वस्तू, पदार्थाचा प्रकार आणि नग हे रकाने हवेत. दोघांनी वर्गवारी करायची आणि तिसऱ्याने लिहायचं. वर्गवारी करणाऱ्यानेच लिहिलं तर तक्ता बरबटतो आणि आकडे चुकतात.

फाटलेल्या तुकड्यांचा नियम आधीच ठरवा : अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तरच एक नग. नाहीतर एकच पाकीट चार वेळा मोजलं जातं. नग आणि वजन दोन्ही नोंदवा. बहुपदरी पाकीट इतकं हलकं असतं की नुसत्या वजनात ते हरवून जातं. आणि एक मोठी मेख : पाण्याच्या बाटल्यांना भंगारात भाव मिळतो, म्हणून कचरावेचक त्या आधीच उचलतात. रस्त्यावर उरतं ते कुणालाच नको असलेलं. तेव्हा ‘शहरात बाटल्यांपेक्षा पाकिटं जास्त विकली जातात’ असा निष्कर्ष तुमच्या आकड्यांतून निघत नाही. ‘पाकिटं कुणी उचलत नाही’ एवढाच निघतो. मोहिमेला तो पुरेसा आहे. गणपती-दिवाळीच्या आठवड्यात मोजू नका, किंवा मोजलंत तर तसं लिहा.

मग कायदा. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीवर ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. बहुपदरी वेष्टन त्यात तिसऱ्या वर्गात येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर कंपन्यांची नोंदणी असते. तुमच्या यादीतलं नाव तिथे आहे का ते पाहा. स्थानिक छोटे उत्पादक तिथे न सापडण्याची शक्यता अधिक.

महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलंत तर अर्ज वाया गेला, कारण ‘का’चा खुलासा करणं म्हणजे माहिती देणं नव्हे असं उत्तर येतं. कागद मागा : एकदा वापराच्या प्लास्टिकवरील दंडाच्या पावत्यांचा वर्षवार तपशील, कचरा प्रक्रियेच्या ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, तीन महिन्यांच्या वजनकाट्याच्या नोंदी. यातला प्रत्येक विषय स्वतंत्र अर्जात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बहुतेक मंडळं इथेच थकतात. तारखा भिंतीवर लावून ठेवा.

पाकिटावर ‘पर्यावरणस्नेही’ असं मोघम लिहिलेलं आढळलं तर ते सोडू नका. ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा दाव्यामागचा पुरावा ग्राहकाला क्यूआर कोड किंवा दुव्यावरून मिळायला हवा. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. बाणांच्या त्रिकोणातला अंक म्हणजे पुनर्चक्रणाची हमी, असं तुमच्या पत्रकात चुकूनही लिहू नका. १ ते ७ हा अंक फक्त प्लास्टिकची जात सांगतो.

मग आम्ही घरात काय काय घेणं बंद करावं? यादी द्याल का? (अनेक पत्रं)

नाही देणार. लेनर्ड यांचाच २०१२ चा पुढचा छोटा चित्रपट याविषयी आहे : जबाबदार खरेदी करणारा ग्राहक होण्यावर सगळी शक्ती घालवली की नागरिक म्हणून असलेली शक्ती सुस्त पडते. चित्रपटाच्याच नावाच्या त्यांच्या संस्थेच्या कामातलं चांगलं उदाहरण फेसवॉशमधल्या प्लास्टिक कणांचं आहे. ‘कण असलेला फेसवॉश घेऊ नका’ एवढ्यावर न थांबता कायद्याची मागणी लावून धरली गेली. अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये कायदा झाला आणि जुलै २०१७ पासून ते कण घातलेली धुण्याची प्रसाधनं बनवायलाच मनाई झाली. ज्यांना या विषयाची गंधवार्ता नव्हती, त्यांच्याही मोरीतून ते कण गेले. घरातली काटकसर आपली आपण करावीच, आपल्याकडे ती आजीपासून चालत आलेली आहे. पण तिला मोहीम म्हणू नये.

मुलीने पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलंय. तिला ‘असं’ काम करायचंय. पोट भरतं का? धोका किती? (पालक, डोंबिवली)

धोका आधी सांगतो. लेनर्ड २०१४ पासून २०२३ पर्यंत ग्रीनपीसच्या अमेरिकी शाखेच्या प्रमुख होत्या. जुलै २०१५ मध्ये पोर्टलंडच्या पुलावरून १३ कार्यकर्त्यांनी दोरांवर लटकून शेल या तेल कंपनीचं आर्क्टिकला उत्खननासाठी निघालेलं जहाज अडवलं. न्यायालयाने संस्थेला तासाला २,५०० डॉलर दंड लावला आणि जहाज शेवटी गेलंच. सप्टेंबरात शेलने तिथलं उत्खनन सोडलं, पण कंपनीने कारण दिलं तेल-वायू पुरेसा न सापडल्याचं आणि खर्चाचं. श्रेय मोजूनमापून घ्यावं. तेलाच्या डकोटा पाइपलाइनविरुद्धच्या आंदोलनावरून एनर्जी ट्रान्सफर कंपनीने २०१७ मध्ये दावा लावला. तो २०१९ मध्ये फेटाळला गेला, पण कंपनीने त्याच वर्षी नॉर्थ डकोटाच्या राज्य न्यायालयात नवा दावा लावला. त्यात मार्च २०२५ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ज्यूरीने ग्रीनपीसविरुद्ध ६६ कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. पुढे न्यायाधीशांनी ती निम्म्याच्या आसपास आणली. तरीही आकडा संस्था बुडवणारा आहे.

भारतात वेगळी अडचण पैशाच्या उगमाची. परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मोहिमेच्या कामात पगार हाच मुख्य खर्च असतो. तो प्रशासकीय धरला गेला की २० टक्के लगेच संपतात. ग्रीनपीस इंडियाची ही नोंदणी २०१५ मध्ये रद्द झाली. म्हणून नोकरी स्वीकारताना संस्थेला विचारा : पगार देशी देणग्यांतून येतो की परदेशी प्रकल्पातून, आणि प्रकल्प किती महिन्यांचा आहे? हे विचारण्यात संकोच नको.

मुलीला शास्त्र येतं, ते झालं. कमी पडतात त्या तीन गोष्टी : ताळेबंद वाचणं, अधिसूचना व तिच्या दुरुस्त्या क्रमाने लावणं, आणि दोन पानांत मराठीतून मांडणी करणं. पहिली दोन वर्षं कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत किंवा नगरपालिकेच्या घनकचरा विभागाच्या कंत्राटी पदावर काढली तर उत्तम. पुण्यात ‘स्वच्छ’सारखी संस्था आहे, तिथे वजनकाट्यापासून महापालिकेच्या करारापर्यंत सगळं एका छताखाली दिसतं. मोहिमेच्या संस्थेत जायचं ते त्यानंतर, आणि जाताना मागच्या तीन वर्षांचा त्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या.