थोरियम, वितळलेलं मीठ आणि आपलं कैगा: वाचकांची प्रश्नोत्तरे

थोरियम किरणोत्सारी आहे, तरी ते थेट इंधन म्हणून चालत नाही असं सर म्हणाले. असं का? (बारावी विज्ञान, खानापूर)

सर बरोबर सांगतात. जुन्या पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियम असायचं. वरातीत ती बत्ती डोक्यावर घेऊन माणसं रात्रभर चालत, पण तो उजेड रॉकेलच्या आचेनं तापलेल्या जाळीचा. अणू काही फुटत नव्हता. थोरियम-२३२ वर न्यूट्रॉन आदळला की ते सहसा तो गिळून टाकतं आणि थोरियम-२३३ होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, जेमतेम २२ मिनिटं. पुढे प्रोटॅक्टिनियम-२३३, त्याचं सुमारे २७ दिवस. आणि शेवटी युरेनियम-२३३. फुटतं ते हे. म्हणून थोरियमला जननक्षम म्हणायचं आणि युरेनियम-२३३ ला विखंडनक्षम. सुरुवातीचे न्यूट्रॉन मात्र युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियमकडूनच घ्यावे लागतात. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या अणुऊर्जा योजनेत थोरियम तिसऱ्या टप्प्यावर आहे ते याचमुळे. कल्पाक्कमची ३० किलोवॅटची छोटी 'कामिनी' अणुभट्टी युरेनियम-२३३ वरच चालते.

'मोल्टन सॉल्ट' अणुभट्टीत आपलं जेवणातलं मीठच वितळवतात का? आणि ते फुटणार नाही? (एक शिक्षक, निपाणी)

जेवणातलं नव्हे, गुरुजी. बहुतेक आराखड्यांत लिथियम फ्लोराइड आणि बेरिलियम फ्लोराइडचं मिश्रण असतं, त्याला 'फ्लाइब' म्हणतात. साधारण ४६० अंश सेल्सिअसला ते वितळतं आणि उकळायला १४०० अंशांच्या वर जावं लागतं. इंधन या मिठातच विरघळवलेलं असतं. नेहमीच्या अणुभट्टीत तापलेलं पाणी उकळू नये म्हणून प्रचंड दाबाखाली कोंडावं लागतं. इथे त्या दाबाची गरजच नाही. वाफेच्या दाबानं पात्र फुटण्याची भीती त्यामुळे खूपच कमी.

भट्टीच्या तळाशी एक नळी असते. तिच्यावर बाहेरून थंड हवा मारत राहतात, त्यामुळे आतलं मीठ तेवढ्या जागी घट्ट बसतं, गुऱ्हाळातला पाक निवला की ढेप होते तसं. याला फ्रीझ प्लग म्हणतात. वीज गेली की पंखा थांबतो, बूच वितळतं आणि सगळं मीठ खालच्या टाक्यांत उतरतं. तिथे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं ग्रॅफाइट नसल्यानं अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया थांबते. उरलेली उष्णता मात्र टाक्यांतूनही काढत राहावीच लागते.

मला खरी काळजी वाटते ती धातूंची. सहाशे-सातशे अंशांचं हे मीठ पाइप कुरतडतं. त्यासाठी अमेरिकेत हॅस्टेलॉय-एन नावाचा निकेलचा मिश्रधातू खास घडवला गेला. बेरिलियम विषारी. लिथियमही शुद्ध लिथियम-७ हवं, कारण लिथियम-६ पासून ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो. शिवाय किरणोत्सारी मीठ पाइपांतून फिरत असतं, त्यामुळे साधा पंप बदलायचा तरी माणूस जवळ जाऊ शकत नाही.

आपल्या जवळच्या कैग्यात थोरियम वापरतात का? (शहापूर, बेळगाव)

कैगा अणुवीज केंद्रातल्या २२० मेगावॅटच्या चारही भट्ट्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात. पहिल्या दोन भट्ट्या सुरू करताना गाभ्यात ऊर्जा सगळीकडे सारखी निर्माण व्हावी म्हणून थोरियमचे काही इंधनजुडगे बसवले होते. वीज मिळते ती युरेनियमचीच.

व्हॉट्सॲपवर येतं की थोरियमचा कचरा होत नाही आणि बॉम्बही बनत नाही. खरं का? (चिकोडी)

दोन्ही अर्धसत्य आहेत, आणि असले मेसेज पुढे ढकलू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. हजारो वर्षं टिकणारी प्लुटोनियमसारखी जड मूलद्रव्यं कमी तयार होतात, हे खरं. पण सुमारे ३० वर्षं अर्धायुष्य असलेली सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० इथेही तयार होतातच. बॉम्बचं म्हणाल, तर युरेनियम-२३३ सोबत थोडं युरेनियम-२३२ येतं. त्याच्या वंशातला थॅलियम-२०८ तीव्र गॅमा किरण सोडतो, म्हणून हाताळणं अवघड. अवघड म्हणजे अशक्य नव्हे; प्रोटॅक्टिनियम वेगळं काढून ठेवलं तर बरंच शुद्ध युरेनियम-२३३ मिळू शकतं. पहारा लागणारच.

अमेरिकेनं साठ वर्षांपूर्वीच थोरियम भट्टी चालवली होती म्हणे. मग आमच्या शेतात थ्री फेज अजून रात्रीच का? (एक शेतकरी, हुक्केरी)

दादा, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेची भट्टी १९६५ ते १९६९ चालली, पण तिच्या मिठात थोरियम नव्हतंच. आधी युरेनियम-२३५ आणि १९६८ पासून बाहेर तयार केलेलं युरेनियम-२३३ वापरलं. मिठाची भट्टी चालते एवढं त्यातून सिद्ध झालं. आता चीननं गान्सू प्रांतात वूवेईजवळ २ मेगावॅट उष्णतेची प्रायोगिक भट्टी चालवून २०२४ मध्ये तिच्या मिठात थोरियम घातलं आहे. ती वीज विकण्यासाठी नाही. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात मिठाच्या भट्टीचा आराखडा आणि मिठावरचं संशोधन चालू आहे. तुमच्या पंपाला दिवसा वीज हवी असेल तर आज सौर पंपाचा विचार करा.