रब्बानूतच्या परीक्षेला बसण्याआधी

प्रिय चिरंजीव, शालोम.

हेस्देर येशिवाची, म्हणजे धर्मशिक्षण आणि लष्करी सेवा जोडणाऱ्या विद्यालयाची, पाच वर्षं संपत आली, त्यातलं सुमारे दीड वर्ष लष्करात गेलं. आता रब्बानूतच्या, म्हणजे इस्राएलच्या मुख्य यहुदी धर्मपीठाच्या, रब्बी होण्याच्या परीक्षा. शब्बाथ, निद्दा (मासिक पाळीचे नियम), मांस-दूध (दोन्ही एकत्र न करण्याचे नियम), शोकाचे नियम, प्रत्येकाचा पेपर वेगळा. मांस-दुधापासून सुरुवात कर.

वाचनाचा क्रम मोडू नकोस: आधी गेमारा (तालमूदमधली चर्चा), मग तूर हा जुना नियमग्रंथ आणि त्यावरची बेत योसेफ ही टीका, मगच शुल्हान आरूख ही नियमसंहिता, शाख आणि ताझ या तिच्यावरच्या टीकांसह. घाईघाईत मुलं सारांशाच्या वह्या पाठ करतात. नियम येतो, कारण कळत नाही, आणि प्रश्नातला एक तपशील बदलला की उत्तर चुकतं.

शुक्रवारी दुपारी फोन येईल: कोंबडीच्या रश्श्यात दुधासाठी वापरायचा चमचा फिरवला गेला. लगेच हो-नाही करू नकोस, आधी प्रश्न विचार. रस्सा हात पोळेल इतका गरम होता का? चमचा गेल्या 24 तासांत गरम दुधात गेला होता का? किती बुडाला? बुडालेल्या भागाच्या 60 पट जेवण भांड्यात असेल तर चालतं. पुष्कळजण इथेच चुकतात, दुधाचा थेंब मोजतात. मोजायचा असतो बुडालेला चमचा, कारण त्यात दूध किती मुरलंय ते कळत नाही. गरम दुधाला 24 तास उलटून गेले असतील तर 60 पट नसलं तरी जेवण चालतं. मुरलेली चव बिघडली असं धरतात. चमचा मात्र पुन्हा कोशर (नियमाप्रमाणे वापरण्याजोगा) करायला सांग. पदार्थ मुळातच कांद्या-मुळ्याचा, झणझणीत असेल तर ही सवलत नाही.

सवलत कशी द्यावी हे विसाव्या शतकातले मोठे धर्मगुरू रब्बी कूक यांच्याकडून शीक. ते 1904 मध्ये याफोला (जाफा) आले. 1909-10 हे शमिता वर्ष होतं, म्हणजे जमीन पडीक ठेवायचं दर सातवं वर्ष. तशी ती ठेवली असती तर नव्या यहुदी शेती वसाहती मोडल्या असत्या, म्हणून ती बिगर-यहुद्याला विकायची मुभा त्यांनी उचलून धरली. तीही निकडीपुरती, आणि पूर्ण शमिता पाळणाऱ्यांचा मान राखून. पुढची शमिता सप्टेंबर 2028 मध्ये लागेल. त्याआधी मोशावात (शेतकऱ्यांच्या सहकारी गावात) जा, विक्रीपत्र वाच, शेतकऱ्याला त्याच्या कर्जाचे हप्ते विचार.

तू बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या यहुद्यांच्या, घरातला. 1962 मध्ये आपल्या माणसांच्या लग्नाआधी वंश तपासायचा हुकूम रब्बानूतने काढला. मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये तो बदलला. लग्ननोंदणीच्या टेबलामागे बसशील तेव्हा समोरच्याला आधी खुर्ची दे. आईवडिलांचा केतुबा (विवाहाचा करारनामा) मागावाच लागेल. तो हरवला असेल तर पुरावा म्हणून आणखी काय चालेल, तेही त्याच भेटीत कागदावर लिहून दे.