युद्धाच्या अनिश्चिततेमुळे तेल आणि धान्याचे भाव का हलतात?

पुरवठा सुरू असतानाही केवळ युद्धाच्या बातमीने तेल आणि गहू महाग का होतात, असे आपण विचारले आहे. वायदे बाजारात, म्हणजे पुढील तारखेला माल देण्याघेण्याचे सौदे आजच ठरतात तिथे, भाव पुढील महिन्यांत माल हाती येईल की नाही, या अंदाजावर ठरतो; त्यामुळे तुटवडा पडण्यापूर्वीच त्याची धास्ती भावात मिसळते.

माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण आखाती युद्धाचे आहे. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत बळकावल्यानंतर तेल पिंपामागे 40 डॉलरपर्यंत चढले होते. मात्र 17 जानेवारी 1991 रोजी हवाई हल्ले सुरू झाले, त्याच दिवशी ते सुमारे 10 डॉलरनी कोसळले, कारण सौदी अरेबियाची तेलक्षेत्रे सुरक्षित राहतील असे दिसू लागले आणि अमेरिकेने राखीव साठा खुला केला.

शेतमालाचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. फेब्रुवारी 2022मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा जगाच्या गहू निर्यातीत या दोन देशांचा मिळून एक चतुर्थांशाहून अधिक वाटा होता. युक्रेनच्या कोठारांत धान्य होते, पण बंदरे बंद पडली आणि काळ्या समुद्रातील सुरुंगांच्या भीतीने जहाजांच्या विम्याचे हप्तेही भडकले. शिकागोच्या वायद्यांत गव्हाने मार्चमध्ये उच्चांक गाठला, तरी जुलैत इस्तंबूलमध्ये धान्य वाहतुकीचा करार होईपर्यंत भाव जवळपास युद्धापूर्वीच्या पातळीवर उतरले होते. (त्या घसरणीला उत्तर गोलार्धातील नवे पीक आणि मंदीची भीतीही कारणीभूत होती.)

भाव उतरले म्हणून परिणाम संपत नाही. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनत असल्याने, वायू महागताच युरोपातील अनेक खत कारखान्यांनी उत्पादन घटवले. शेतकऱ्याने खताची मात्रा कमी केली, तर त्याचा फटका पुढच्या हंगामाच्या उताऱ्याला बसतो.

याहून कमी चर्चिली जाणारी बाब म्हणजे रोकड. चढउतार वाढले की बाजार व्यवस्थापन सौद्यांवरील अनामत रक्कम वाढवते. शेतकऱ्याचा माल घेऊन, भाव पडल्यास नुकसान होऊ नये म्हणून वायद्यात विक्री करून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचा तो वायदा भाव चढताना तोट्यात जातो आणि तो तोटा भरण्यासाठी त्याला रोज अधिक पैसे भरावे लागतात, म्हणून तो पुढील महिन्यांची खरेदी आखडती घेतो. परिणामी फलकावर विक्रमी भाव झळकत असतानाही त्या भावाने आगाऊ सौदा करणारा गिऱ्हाईक शेतकऱ्याला मिळेलच असे नाही.