गुडघा निखळला तर पायाची अँजिओग्राफी कशासाठी? रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ती उगाच केली का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: भाऊ मोटरसायकलवरून पडला, गुडघा निखळला. एक्स-रेत हाड शाबूत होतं, पाऊल गरम होतं, बोटं हलत होती. तरी डॉक्टरांनी घोट्याला बीपीचा पट्टा लावला, 'आकडा कमी येतोय' म्हणाले आणि रात्रीच सीटी अँजिओग्राफी करायला लावली. रिपोर्ट नॉर्मल आला. आता घरचे म्हणतात, अँजिओग्राफी हृदयाची असते, पायाची कुठून काढली? बिल वाढवलं आणि वर किडनीला डायचा त्रास.

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि अपघातातल्या रुग्णांचे असे स्कॅन नेहमी वाचतो. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हृदयाचं बोलू. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिनीत एक्स-रे अडवणारं औषध (तुम्ही म्हणताय तो डाय) सोडून तिचं चित्र घेणं, मग ती वाहिनी शरीरात कुठलीही असो. रॉन्टगेनने एक्स-रे शोधल्याला दोन-तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात एका निर्जीव हाताच्या रक्तवाहिन्यांचं असं चित्र घेतलं गेलं. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्या लिस्बनमध्ये पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिझ यांनी १९२७ साली दाखवल्या. हृदयाच्या धमन्यांमध्ये थेट नळी नेऊन चित्र घेणं १९५८ नंतर सुरू झालं, म्हणजे हृदयाचा नंबर बराच उशिरा लागला.

आता गुडघा. गुडघ्यामागून जाणाऱ्या मुख्य धमनीला पॉप्लिटिअल म्हणतात. वर ती मांडीच्या स्नायूतल्या फटीतून येते, खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीखालून जाते आणि दोन्हीकडे जखडलेली असते. सांधा निखळला की तिला सरकायला जागा नसते, ती ताणली जाते. पुष्कळदा अख्खी तुटत नाही, फक्त आतला थर फाटतो. कोटाचं अस्तर आतून फाटावं आणि बाहेरून कोट धड दिसावा, तसं. सुरुवातीला रक्त वाहत राहतं, नाडीही लागते. मग फाटलेल्या जागी हळूहळू गुठळी धरते आणि काही तासांनी धमनी बंद होते.

गरम पावलावर म्हणूनच विसंबता येत नाही. गुडघ्याभोवतीच्या बारीक वाहिन्या पावलाची त्वचा काही काळ गरम ठेवू शकतात, पण पोटरीचे स्नायू जगवण्याइतकं रक्त त्यांच्यातून जात नाही. रक्त पूर्ण थांबलं तर साधारण सहा तासांनंतर स्नायू कायमचे मरायला लागतात. उशिरा धमनी जोडली तरी पाय वाचेलच असं नसतं. एक्स-रेचा दिलासाही फसवा असतो. निखळलेला गुडघा कधी कधी अपघाताच्या जागीच आपोआप परत बसतो आणि फिल्मवर सगळं जागच्या जागी दिसतं.

घोट्याचा पट्टा इथे कामाला येतो. घोट्याच्या बीपीतला वरचा आकडा भागिले दंडाच्या बीपीतला वरचा आकडा, हे उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं की धमनीबद्दल शंका घ्यायची आणि स्कॅन करायचा. दोन्ही पायांची नाडी सारखी आणि आकडा चांगला असता, तर भावाला दाखल करून दर काही तासांनी नाडी तपासत राहणं पुरेसं ठरलं असतं. निखळलेल्या प्रत्येक गुडघ्याला अँजिओग्राफी लागत नाही, हेही खरं. पण आकडा कमी असताना थांबणं मला मान्य नाही. मार लागल्यावर धमनी नुसती आकसली तरी आकडा घसरतो. तसं आहे की आत थर फाटलाय, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. नॉर्मल रिपोर्टने तेच ठरवलं, आणि धमनीसाठी पाय उघडून बघायची वेळ आली नाही.

याच्या उलट प्रसंगही असतो. जखमेतून रक्ताच्या चिळकांड्या उडतायत, सूज डोळ्यांदेखत वाढतेय, पाऊल थंडगार आणि नाडी गायब, अशा रुग्णाला बहुतेक वेळा स्कॅनला न नेता सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये घेतात. गरज पडली तर सर्जन टेबलावरच धमनीत डाय सोडून सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे मशीनवर, बघतात. 'स्कॅन न करता कापलं' अशी तक्रार तिथे नातेवाइकांनी करू नये, कारण त्या वेळी स्कॅनची रांगच पाय घालवते.

डायबद्दल. त्यात आयोडीन असतं, आयोडीन एक्स-रे अडवतं म्हणून धमनी पांढरी उठून दिसते. कोपराजवळच्या शिरेत जाड सुई लावून मशीनने तो वेगाने सोडतात. भावाला अंगभर उष्ण लाट आल्यासारखं आणि लघवी झाल्यासारखं वाटलं असेल, ते नेहमीचं आहे. किडनी चांगली असलेल्या माणसाचा डाय साधारण एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. किडनी आधीच अधू असेल तर धोका जास्त, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) बघतात. पण पाय जाण्याची भीती असेल तर त्या रिपोर्टसाठीही थांबत नाहीत. मासे खाऊन ॲलर्जी होते म्हणून डाय चालत नाही, हा समज मात्र चुकीचा. पूर्वी डायचीच रिॲक्शन आली असेल, तर ते जरूर सांगायचं.

बिलातली सीटीची रक्कम बरोबर आहे का, हे मी सांगू शकत नाही. ते रुग्णालयात विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. स्कॅनची सीडी मात्र मागून घ्या. गुडघा निखळतो तेव्हा बहुधा एकाहून जास्त लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) तुटलेले असतात आणि ते सीटी अँजिओग्राफीत नीट दिसत नाहीत. एमआरआय झाला नसेल तर गुडघ्याच्या सर्जनना तेवढं विचारून घ्या, आणि पोटरीत असह्य ठणका किंवा पावलात बधिरपणा आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.