आईची काळी पायमशीन: नवी आल्यावर ठेवायची का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईकडून आलेली काळी पायमशीन घरात आहे. दिवाळीला तुम्ही विजेवरची झिगझॅग मशीन घेतलीत. जागा वन बीएचकेची, आणि घरचे म्हणतायत की दोन-दोन कशाला, जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन टाक. शिवण घरच्यापुरतं: ब्लाउज, परकर, मुलीचे फ्रॉक, साड्यांचं फॉल-पिको, आणि बिल्डिंगमधल्यांच्या जीन्सची उंची कमी करून देणं.

या यादीत जीन्स आहे म्हणून माझं उत्तर ‘ठेवा’ असं आहे. पण ठेवायची म्हणजे चालती ठेवायची. वर चादर टाकून, तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवायची असेल तर तिला घरात ठेवण्यात काही अर्थ नाही. न चालवलेल्या मशीनमधलं तेल आटून चिकट होतं, पावसाळ्यात सुईच्या दांड्यावर गंज धरतो, आणि काही वर्षांनी ती खरोखरच भंगारात द्यायच्या लायकीची होते.

घरच्यांना वाटतं तशा या एकाच कामाच्या दोन वस्तू नाहीत. काळी मशीन एकच टाका घालते, सरळ. तो घालण्यासाठी तिच्या पोटात सगळे भाग लोखंड-पोलादाचे, आणि खाली बिडाच्या स्टँडवरचं मोठं जड चाक. पायाने एकदा गती दिली की त्या चाकाचं वजन सुईला जाड कापडातून ओढून नेतं. शिवाय वरचं चाक हाताने फिरवून तुम्ही एकेक टाका घालू शकता. जीन्सच्या तळाला बाजूची शिवण येते तिथे कापडाचे सात-आठ थर होतात. तिथे पाय थांबवायचा, फूटच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) मागे कापडाची घडी सरकवून ते सपाट करायचं, १६ किंवा १८ नंबरची सुई लावून चाक हाताने फिरवत तो उंचवटा पार करायचा. घरगुती नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा आतली काही चाकं प्लास्टिकची असतात. अशा जागी सुई अडली आणि तुम्ही पेडल दाबत राहिलात, तर सुई मोडते ते सोडाच, पण सुई आणि शटल (खाली दोऱ्याचा फास धरणारा भाग) यांचा मेळ बिघडला की मेकॅनिककडेच न्यावी लागते. तेव्हा जुनी मशीन ठेवणं हे नव्या मशीनचं आयुष्य वाढवणंसुद्धा आहे. जीन्स, पिशव्या, सोफ्याचे अभ्रे, पडद्यांचे जाड काठ, जुन्या साड्यांची गोधडी, हे सगळं काळीवर घ्या.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. झिगझॅग मशीनच्या पत्र्यातलं सुईचं भोक आडवं, रुंद असतं, कारण सुईला डावी-उजवीकडे हलायला जागा लागते. काळीचं भोक लहान आणि गोल. जॉर्जेट किंवा चंदेरीसारखं पातळ कापड रुंद भोकात ओढलं जातं, शिवणीच्या सुरुवातीला गोळा होतं आणि टाका किंचित वाकडा पडतो. काळीवर ११ नंबरची सुई लावून तीच शिवण घाला आणि फरक स्वतः बघा. ब्लाउजच्या लांब शिवणी, टक्स, पायपिन, सगळं जुनीवर जास्त सफाईदार येतं. मी नवीवर काज, पिको, कडांना झिगझॅग आणि होजिअरीचं ताणलं जाणारं कापड एवढंच घेते. होजिअरीला काळी टाके सोडते, तिथे तिच्याशी झगडू नका. तिथे नवीच, आणि सुईही होजिअरीची गोल टोकाची.

तिसरी गोष्ट गावाकडच्या बायकांना सांगायला नको. भारनियमनात पायमशीन चालते.

आता मुख्य मुद्दा: तुमची मशीन ठेवण्यासारख्या अवस्थेत आहे का? तुम्ही लिहिलंय की ती जड चालते आणि टाके सोडते. त्यावरून ती गेली असं समजू नका, या दोन तक्रारी घेऊनच पुष्कळ चांगल्या मशीन भंगारात जातात.

जड चालते, याचं कारण बहुतेक वेळा जुनं तेल. कुणीतरी खोबरेल घातलेलं असतं, ते थंडीत थिजतं. गोडेतेल घातलं असेल तर ते गोंदासारखं चिकटतं. आधी पट्टा काढा, वरचं चाक मोकळं फिरतंय का बघा. मग तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, मशीन मागे कलती करून खालच्या सांध्यांनाही. चाक बराच वेळ हाताने पुढेमागे फिरवा, काळपट चिकटा बाहेर येईल तो पुसून घ्या आणि रात्रभर तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राचं पातळ तेल त्याच सगळ्या भोकांत घाला. रॉकेल फक्त धुण्यासाठी असतं, त्यावर मशीन चालवायची नाही. सुईखालचा पत्रा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, तो काढा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे धागे आणि धूळ दाबून बसून नमद्यासारखा थर झालेला असेल, तो सुईने उचकटून काढा. खालच्या दोऱ्याची बॉबीन (छोटी रीळ) बसते ती बॉबीन केस काढून शटलच्या कडेला दोऱ्याचा तुकडा अडकलाय का तेही बघा. एवढासा तुकडा आख्खी मशीन जाम करतो.

हे सगळं नव्या मशीनवर करू नका हं. तिच्या पुस्तिकेत जिथे सांगितलंय तिथेच तेल. पुष्कळ नव्या मशीनना आतून तेल घालायचंच नसतं.

टाके सोडते, याचं कारण बहुतेक सुई. वाकलेली, बोथट, पूर्ण वर न सरकवलेली किंवा उलटी बसवलेली. काळी मशीन आणि तुमची नवी, दोन्हींत दोरा वेगवेगळ्या बाजूने ओवतात: काळीत बाजूने, नवीत समोरून. नवी वापरायची सवय झाली की हात आपोआप नव्या मशीनसारखी सुई बसवतो आणि मग काळी टाकाच धरत नाही. नियम एकच लक्षात ठेवा: सुईवरची लांब खाच ज्या बाजूला, दोरा त्याच बाजूने ओवायचा. ब्लाउजपीसला लागते ती १४ नंबरची कोरी सुई लावून जुन्या चादरीवर हातभर शिवण घालून बघा.

आणखी एक. कधी कधी चाक फिरतं पण सुई हलतच नाही, आणि लोक म्हणतात मशीन मोडली. वरच्या चाकाच्या मधला गोल स्क्रू बॉबीन भरताना सैल करतात, तो तसाच राहिलेला असतो. घट्ट करा. घट्ट करूनही धरत नसेल तर तो काढून आतली चकती अर्धा फेरा फिरवून बसवा.

हे सगळं करूनही सुईचा दांडा हाताने धरल्यावर पुढेमागे खडखडत असेल किंवा शटलचं टोक झिजून बोथट झालं असेल, तर मात्र मेकॅनिकला दाखवा. शटल, बॉबीन केस, सुया, दाते, पट्टा यांची काळजी नको. उषा, सिंगर, मेरिट, रिटा आणि लुधियानाला बनणाऱ्या असंख्य काळ्या मशीनची ठेवण साधारण सारखीच, त्यामुळे हे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. मात्र नवा भाग आणताना जुना सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणू नका. दोन्ही मशीनच्या बॉबीनसुद्धा वेगळ्या डब्यांत ठेवा. दिसायला सारख्या असतात, पण उंचीत किंचित फरक असला तरी खालचा दोरा अडकतो.

जागेचं काय, हा तुमचा खरा अडसर आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. वन बीएचकेत पायाचा स्टँड म्हणजे एक कोपरा गेलाच. त्यावर एक मार्ग आहे. वरची मशीन मागच्या दोन बिजागऱ्यांवर बसलेली असते. पट्टा काढा, मशीन मागे कलती करून बिजागऱ्यांचे स्क्रू सैल करा, मशीन उचलून निघते. दोघांनी उचला, दहा किलोच्या वर वजन असतं. ती लाकडी पेटीवर बसवून, वरच्या चाकाला आऱ्या असतील तर त्याला हाताचा दांडा लावला की झाली हातमशीन. शिवणाच्या दुकानात पेटी आणि दांडा दोन्ही मिळतं. काम झालं की पलंगाखाली जाते. डाव्या हाताने कापड सांभाळायची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण जीन्सच्या तळासाठी आणि मुलीला शिवण शिकवण्यासाठी हातमशीनसारखं दुसरं काही नाही. वेग मुलीच्या हातात राहतो, बोटाची भीती कमी.

गुडघे दुखत असतील तर पायमशीनलाच छोटी मोटर लावता येते. मी ती तुम्हाला सुचवणार नाही. वेगासाठी तुमच्याकडे नवी आहेच, आणि काळीचा संथपणा तुम्हाला जाड कापडावर हवाच आहे. बाहेरचं शिवण वाढून रोज आठ-दहा ब्लाउज निघायला लागले, तर मोटरचा नाही, जुकीसारख्या शिंप्याच्या मशीनचा विचार करा. तो वेगळा विषय आहे.

मशीन फार जुनी आहे, तिला अँटिक म्हणून भाव येईल का, असंही तुम्ही विचारलंय. सिंगरची असेल तर पायथ्यावर कोरलेल्या अनुक्रमांकावरून ती कधीच्या सुमाराची ते शोधता येतं. आपल्याकडच्या कितीतरी सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आल्या, तो १९८० मध्ये बंद झाला. उषा तर १९३०च्या दशकापासून कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची. पण या मशीन एवढ्या प्रचंड संख्येने बनल्या की नुसत्या वयाला भाव नाही. भाव असतो तो बिडाच्या स्टँडला, हॉटेलवाले त्यावर संगमरवर टाकून टेबल करतात. तसं विकायला जाऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे. स्टँड गेला की वरची चालती मशीन किलोच्या भावाने जाते. एक्स्चेंजमध्येही जुनीची किंमत कुणी मोजून करत नाही. त्या पैशात नव्या मशीनचे दोरेसुद्धा धड येत नाहीत.

तर तेल घालून, सुई बदलून, येत्या महिन्या-दोन महिन्यांत जे शिवाल त्यातलं जाड आणि सरळ काम काळीवर घ्या. तिच्यात कायम काळा किंवा निळा दोरा ओवून ठेवा, म्हणजे उघडली की जीन्स सुरू. तेवढ्या दिवसांत तिच्याकडे हात गेलाच नाही, तर तुम्हाला ती नको आहे आणि त्यात आईचा काही अपमान नाही. आईने ती शिवायलाच घेतली होती.

मग द्यायची कुणाला? भंगारवाल्याला नाही आणि ‘असू दे घरात’ म्हणणाऱ्या नातेवाइकालाही नाही. ओळखीत कुणाची मुलगी आयटीआयला शिवणकाम शिकत असेल, गावातल्या बचत गटात कुणी घरबसल्या ब्लाउज शिवायला सुरुवात करत असेल, किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला शिवण येत असून मशीन नसेल, तिला द्या. शिकणाऱ्या हाताला सरळ टाका आधी पक्का करावा लागतो आणि त्यासाठी काळीच बरी.

देताना मशीन आणि स्टँड एकत्रच द्या, आणि चालू करून द्या. सोबत बॉबीन केस, सहा-सात बॉबीन, १४ आणि १६ नंबरच्या सुयांचं एकेक पाकीट, तेलाची बाटली आणि लहान स्क्रूड्रायव्हर. पट्टा सैल असेल तर थोडा कापून त्याची तार पुन्हा लावून द्या, नाहीतर नवाच घाला. टेम्पोत चढवण्याआधी वरची मशीन स्टँडवरून काढून वेगळी गुंडाळा. स्टँडसकट आडवी टाकली तर बिजागऱ्यांवर सगळं वजन येऊन पाट फुटतो. आणि जिला देताय तिला समोर बसवून चाक स्वतःकडे फिरवून दाखवा. नवशिकी बाई पायाने ते उलटं फिरवते, खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि पहिल्याच दिवशी तिला वाटतं मशीन बिघडलेली दिली.